अकरा मिनिटं

हिप्परग्याच्या पुढं, तळ्याकडं पाठ करून बसलेली
बंद पडलेली खाण.
खडीचं मशीन गेलं, वजनकाटा गेला,
राहिली नुसती काळी भिंत, मधोमध एक तांबडी पट्टी,
चादरीला काठ काढावा तशी.

वायरिंगचं काम मला मिळालं.
श्रावंती येमूल, आजोबा मागावर होते,
ही बाहेर शिकून आलेली, म्हणाली,
मल्लिनाथदादा, भिंतीला हात टेकला
की उजेड तळातून निघायला हवा.
एका सेकंदाला एक लाख वर्षं.
हात काढला की विझायला हवा.
मी विचारलं, पॉइंट किती?
भिंतीत चाळीस, वर एक,
आणि गवतात एक बारका.

ती सांगत होती, लाव्हा आला, थिजला, परत आला.
तांबडी पट्टी म्हणजे मधली सुट्टी,
दगडाची माती होईपर्यंत काहीच आलं नाही वरून.
मला ते लगेच कळलं.
बापाची गिरणी बंद झाली तेव्हा
आमच्याही घरात पडली होती अशी पट्टी.

पहिल्या संध्याकाळी दोन कॉलेजं आली, एक नगरसेवक आला.
हात टेकला,
उजेड सरसर चढला, सहा सेकंदांत माथ्यावर.
टाळ्या. फोटो. हात खाली.
अंधार.

वरच्या एका दिव्यापाशी
पुढची सगळी वर्षं उभी होती.
दगड झिजायचा, एवढंच काम होतं त्यांना.
दिवा इतका हळू मंद होत जायचा
की बघणाऱ्याला वाटावं, बिघडला.
तिघांनी तसं मला बोलूनही दाखवलं.

चौथ्या दिवशी भीमव्वा विटकर आली,
पलीकडच्या वस्तीतली, बोटं वाकडी,
इथंच खडी फोडलेली.
कुणी काही सांगायच्या आधी तिनं हात टेकला
आणि टेकलेलाच ठेवला.
उजेड चढला. थांबला.
एक मिनिट. तीन.
मुलं चहाला गेली.
सात. टिटवी ओरडली तळ्यावर.
श्रावंती काही बोलेना, मीही टेस्टर खिशात घातला.
अकराव्या मिनिटाच्या शेवटी
गवतात तो बारका दिवा लागला,
तीन सेकंद,
काजव्यानं विचार बदलावा तसा,
आणि गेला.

हे आपण, श्रावंती म्हणाली.
कोण? भीमव्वानं विचारलं.
माणसं. सगळी. आजपर्यंतची.
भीमव्वा हसली, वरचे दोन दात नाहीत.
मी विचारलं, मावशी, एवढा वेळ हात कसा ठेवलात?
म्हणाली, दगड गरम हाय की ओ अजून,
दिवसभराचं ऊन हाय त्यात.

तिनं हात काढला तेव्हा मला दिसली
तळव्याखालची उभी खाच,
सुरुंगासाठी पहारीनं पाडलेल्या भोकाची उरलेली अर्धी नळी,
आतून गुळगुळीत.
कुणाच्या हातची, मी विचारलं नाही.
जाताना तिनं त्या खाचेतली धूळ
पदरानं पुसली.

सगळे गेल्यावर मी सबमीटर बघितला, सवयीनं.
साडेसहा कोटी वर्षं झाली होती,
पाव युनिटही पडलं नव्हतं.
वहीत लिहायचं काय, सुचेना.
मेन स्विच पाडला
आणि अंधारात, कुणी बघत नाही असं पाहून,
मीही हात टेकला.

गरम होता.