उतार

चिलिकॉथीत आमचं घर उतारावर.
शेजारच्या डार्लीनने नवऱ्याचा मोअर दिला,
किल्ली मात्र मुठीतच ठेवून म्हणाली:
आडवा नेऊ नकोस. सरळ वर, सरळ खाली.
उतरायच्या आधी पातं बंद,
त्याचा आवाज विझेपर्यंत बसून राहा.
आणि पोरीला मांडीवर, कधीच नाही.
मी हो हो करत होतो.

मग तीच वाकून
गवतातले खडे वेचू लागली,
एक हाडूक, ईराची हरवलेली क्लिप.

आता शनिवारी
ईरा खिडकीतून हात हलवते.
मी हलवत नाही,
दोन्ही हात स्टिअरिंगवर.

खाली ओढ्याकाठी, दोन्ही घरांच्या मध्ये
एक पट्टा गुडघाभर वाढलाय.
तिथवर मी जात नाही.
का, ते डार्लीनने सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.