रसकापूर

कॉलेज रोडच्या जुन्या इमारतीत
हर्बेरियमचं कपाट उघडायचं तर
आधी हातमोजे, मग खिडकी, मग श्वास.

अंजनेरीचं कंदीलपुष्प, ब्रह्मगिरीचा तेरडा,
साठ वर्षं झाली, कसर नाही.
कसर लागेल कशी?
सुकदेव गांगुर्डे एकेक पान
रसकापराच्या स्पिरिटात बुडवून काढायचे.

पांढरे खडे. वास नाही.
बाटली उचलली की मनगटाला कळायचं
हे मीठ नव्हे, एवढं जड.
पाण्यात विरघळतं, स्पिरिटात त्याहून सहज,
कातडीतून आत येतं,
दार वाजवत नाही.

लोखंडी चिमटा खाऊन टाकतं, म्हणून
सुकदेव बोटांनीच पानं उलटायचे.
एक दिवस लग्नातली अंगठी पांढरी पडली.
सराफ बाजारात सोनाराने आगीवर धरली,
सोनं परत आलं;
वाफ कुठे गेली, कुणी पाहिलं नाही.

लेबलं मी तारखेने लावते आहे.
एकसष्ट: अक्षर टपोरं, काना ताठ.
अडुसष्ट: वेलांट्या हलू लागलेल्या.
त्र्याहत्तर: ‘त्र्यंबक’ लिहिताना पेन तीनदा घसरलंय.

घरी म्हणे बशीत ओतताना चहा सांडायचा,
हिरड्यांतून रक्त, आणि राग, उगाच, मिठावरून सुद्धा.
बायको म्हणायची, वय झालं.
वय एक्केचाळीस.

पाकिटावर लाल शाईने लिहिते: विष, हात लावू नये.
खाली एक ओळ रिकामी उरते.
संग्राहकाच्या जागी सरांचं नाव आधीच छापलेलं.
तेरड्याचा गुलाबी
अजून जरासा आहे.