प्रश्नचिन्हाआधीची फट

ओळ ताणायचं काम माझ्याकडे आहे.
नांतच्या कचेरीत, चौथ्या मजल्यावर,
उरलेली जागा मोजायची
आणि शब्दांमधल्या फटींना वाटून द्यायची,
सगळ्यांना सारखी.

सगळ्यांना कशाला, वडील फोनवर विचारतात.
वय एक्याऐंशी. बेझाँसाँच्या छापखान्यात
चाळीस वर्षं खिळे जुळवले त्यांनी,
अजून ओळ आधी बोटांनी चाचपतात.
काचेवर बोटाला काही लागत नाही
म्हणून चिडतात.

दोन्ही कडा अगदी सुतात आहेत, म्हणतात,
आणि मधे तुझे शब्द असे उभे
जसे मयताला आलेले दूरचे नातेवाईक.

स्वल्पविरामाचं बरं आहे, तो शब्दाला बिलगून असतो.
आमच्या भाषेतलं प्रश्नचिन्ह मानी,
वाक्यापासून जरा सरकून उभं राहणारं.
तिथे आम्ही पितळेची पट्टी घालायचो,
नखाइतकी पातळ.
मालक ओरडो, ओळ फाटो,
ती वाढायची नाही, तुटायची नाही.

मग खाकरले. काल रात्री काय झालं माहितीये,
पानाच्या अगदी तळाशी
ती बाई दारातून त्याला म्हणाली,
तू थांबतोस
मी म्हटलं, चला, थांबला एकदाचा.
दिवा मालवला. छान झोपलो.
सकाळी पान उलटलं
तर वर, डाव्या कोपऱ्यात, एकटंच

?

मी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी एक रिकामी जागा काढून
तिथे दुसरी रिकामी जागा ठेवली.
एक ताणते, एक ताणत नाही.
यानिकने दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी लावून पाहिल्या,
चष्मा वर केला:
सोलीन, यात बदललंय काय?

खरंच, दाखवण्यासारखं काही नव्हतं.

वडिलांचा निरोप तीन आठवड्यांनी आला.
आभार वगैरे नाहीत.
प्रश्नचिन्ह जागेवर आहे.
संवादाची आडवी रेघ बघ, पान दोनशे बारा,
तिच्यापुढची फट अजून ताणतेस तू.
माणसं एकमेकांशी बोलतायत
आणि प्रत्येक ओळीत
वेगळ्याच जागेवरून सुरुवात करतायत.