वळसा

तांबटआळीचा रस्ता नऊ मीटरचा अठरा करायचाय.
एवढं वाक्य बोलायला कुणाला काही लागत नाही.
मला मात्र चुन्याची पिशवी लागते,
तिपाई, दुर्बीण, टेप,
आणि पट्टी धरून उभा राहणारा पागधरे,
जो 'जरा डावीकडे' म्हटलं की
नेहमी स्वतःच्या डावीकडे सरकतो.

जांभळी नाक्याकडून सुरुवात केली.
छेडांचं दुकान : आत दोन मीटर चाळीस.
म्हणजे काटा जातो, गल्ला जातो,
तूरडाळीचं पोतं अर्धं जातं.
छेडांनी पोत्याकडे पाहिलं,
कुठलं अर्धं ते त्यालाच विचारल्यासारखं.

हकीमुद्दीनशेठनी चहा मागवला. मी घेतला नाही,
मोजणीच्या दिवशी घेत नाही.
ते म्हणाले, मोबदल्यात टीडीआर देता, कागद छान आहे,
पण बिजागरी मागायला आलेलं गिऱ्हाईक
त्या कागदावर उभं राहील का?

मिस्किटा आंटींच्या घराला तर हातही लागत नाही.
फक्त पायऱ्या जातात. चार.
'घर राहणार ना?'
'राहणार.'
'मग आत जायचं कसं?'
मी वहीत लिहिलं : अंशतः बाधित.

खरी अडचण पुढं आहे.
कोलत्यांच्या सायकलच्या टपरीपाशी
रस्ता एकदम अंग चोरून घेतो.
समोर झाड नाही, देऊळ नाही, कुणाची भिंत नाही,
तरी वळतो.
वाहतूक शाखेच्या पत्रात 'सदोष वळण' असं आहे.
वरात तिथं वळते, टेम्पो वळतो,
टँकर शिव्या खात वळतो.
का, ते आळीत कुणालाच सांगता येईना.
'पहिल्यापासून आहे,' एवढंच.

कोलत्यांच्या हत्यारांच्या पेटीचा एक पाय
विटांवर उभा आहे.
दर पावसाळ्यानंतर एक वीट वाढते.
सध्या सात.
आम्हीही दर मे महिन्यात तिथल्या फुटपाथखाली खडी भरतो
आणि कारणाच्या रकान्यात लिहितो : पाण्याचा निचरा.
सहा वर्षांच्या टिपण्या काढून पाहिल्या.
अक्षर माझंच.

मग अभिलेख कक्षात जाऊन
जुन्या मोजणीचा नकाशा मागितला.
कापडावर डकवलेला, घडीघडीवर फाटलेला,
वाळवीनं स्वतःच्याही दोन-तीन गल्ल्या आखलेल्या.
त्यात कोपऱ्याला वाटाण्याएवढं एक वर्तुळ,
शेजारी बोरूनं लिहिलेलं : वि.

बुजवून किती वर्षं झाली, नोंद नाही.
कठडा गेला, रहाट गेला,
पाणी भरणाऱ्या बायका गेल्या,
त्यांच्या नातींचीही लग्नं होऊन डोंबिवली-बदलापूर झालं असेल,
आणि रस्ता अजून
कुणाच्या घागरीला धक्का लागू नये म्हणून
बाजूनं जातोय.

नवी मध्यरेषा सरळ आहे.
ती बरोबर त्या वर्तुळावरून जाते.

साहेबांना दाखवलं.
ते म्हणाले, मंजूर आराखड्यात विहीर आहे का?
नाही.
मग नाही.
मी टिपणीत एक ओळ घातली,
'खोदकामापूर्वी तपासणी व्हावी',
आणि नव्या नकाशावर, पेन्सिलीनं,
वाटाण्याहून लहान.
साहेबांना दिसलं असावं. त्यांनी खोडलं नाही.
सहीही केली नाही.

सुनावणीला एकसष्ट हरकती आल्या.
छेडांची तीन पानी, वकिलामार्फत.
हकीमुद्दीनशेठची गुजराती वळणाच्या मराठीत, स्वतःच्या हाताची.
कोलत्यांची नव्हती.
टपरी नोंदीवर नाही, त्यांना नोटीसच गेली नव्हती.
ते दाराशी उभे राहून सगळं ऐकून गेले.

संध्याकाळी पागधरे आणि मी
चुन्याची शेवटची रेघ ओढून निघालो.
रेघ सरळ होती, मी दोनदा तपासली.
टपरीपाशी आल्यावर तो पट्टी खांद्यावर घेऊन वळला,
त्याच्यामागोमाग मी.
बरंच पुढं गेल्यावर लक्षात आलं,
कुणी बोललो नाही.

मागून मिस्किटा आंटींची हाक आली,
चौथ्या पायरीवरून :
'ओ मॅडम, पायऱ्यांचं काय लिहिलंत शेवटी?'