थाळीचा दर

हडपसरच्या कारखान्यात
कॅन्टीनचं टेंडर मी लिहिते.
थाळी अडतीस रुपये.
पोळ्या चार, भात, पळीतून सुटेल असं वरण,
बटाटा, कधी फ्लॉवरच्या सोबतीनं, बहुधा एकटाच,
पामतेलाचे डबे महिन्याला चाळीस.
चहा दोनदा, साखर आधीच घातलेली,
कारण साखर वेगळी ठेवली तर चमचे जातात.

हे शेवटचं वाक्य माझंच.
नऊ वर्षं झाली, कुणी खोडलं नाही.

मार्चमध्ये तपासणीची गाडी आली.
गेटपाशी उपाशीपोटी तीनशे बारा माणसं,
एकेक बाही वर केलेली.
आठवड्यानं डॉक्टर बापटांनी
माझ्या टेबलावर यादी ठेवली आणि काही बोलले नाहीत.
चौऱ्याण्णव नावांपुढे लाल खूण.
प्रेसशॉपचा इरफान आत्तार, वय एकतीस.
पेंटचा दिगंबर खोपडे, वय अठ्ठावीस,
त्याच्या साखरपुड्याचा पेढा
मी परवाच खाल्ला होता.

वरून पोस्टर आलं: जिभेवर ताबा ठेवा.
ते चिकटवलं कोल्ड्रिंकच्या मशीनवर,
भिंतीवर दुसरी जागा नव्हती.
खोपडे वाचून हसला.
"मॅडम, जीभ माझी आहे खरी,
पण ताट तुम्ही भरता."

म्हणून पहाटे साडेचारला मार्केट यार्ड.
गुलटेकडीला तेव्हा दिवस मावळायला आलेला असतो,
हमालांची पाठ भिजून वाळलेली.
नवी ज्वारी आली होती, मंगळवेढ्याची, टपोरी.
मूठभर तोंडात टाकली, तोंडात पीठ झालं.
मूग, मटकी, चुका, शेपू, घाण्याचं तेल,
सगळं वहीत लिहिलं, मजुरी धरली:
एक्कावन्न रुपये.

अकाउंट्सचे किराड म्हणाले, तेरा रुपये कुठून आणू?
त्यांच्याच टेबलावर दुसरी फाइल होती,
आरोग्यविम्याचा हप्ता, यंदा वाढलेला.
ती विचारली तर म्हणाले,
ते खातं वेगळं.
वेगळंच आहे.
दोन्ही खाती एकाच पोटातून जातात
एवढं सोडलं तर.

परवानगी मिळाली ती मंगळवार-शुक्रवारची.
सुलोचना गायकवाड भाकरी थापायला बसली,
पहिल्या दिवशी दीडशे परत आल्या.
"गावाला हेच खाऊन कंटाळलो
म्हणून तर पुण्याला आलो," एक जण म्हणाला.
मला उत्तर सुचलं नाही.
माझ्याही आईनं पोळीसाठीच
मुलगा शहरातला बघितला होता.
सुलोचना राहिलेल्या भाकऱ्या फडक्यात बांधताना
कनवटीची गोळी काढून पाण्याबरोबर घेत होती.
मी विचारलं कसली.
"तुमच्या यादीत मी नाय बाई. मी ठेकेदाराची."

पुढच्या मंगळवारी ठेचा ठेवला, ताकाचं पिंप ठेवलं.
नव्वद परत आल्या. मग साठ.
मटकीची उसळ मात्र पहिल्यापासून
तळ खरवडून संपायची.

सप्टेंबरात गाडी पुन्हा आली, रांगेत सुलोचनाही.
खोपडेचा आकडा थोडा उतरला,
बापट म्हणाले, थोडा म्हणजे थोडा, नाचू नका.
इरफानचा चढला होता.
मी त्याला रागावणार होते,
तर तो शांतपणे म्हणाला,
"मी कायम रात्रपाळीला.
रात्री कॅन्टीनला कुलूप असतं, मॅडम.
गेटबाहेर वडापाववाला असतो."

नऊ वर्षं टेंडर लिहितेय.
त्यात रात्र नव्हती.

आज नवा कागद घेतला आहे.
कलम तीन: रात्रपाळीस गरम जेवण, पूर्ण थाळी.
कलम सात: ठेकेदाराच्या माणसांची तपासणी, याच यादीत.
दर लिहायची जागा अजून कोरी,
किराड सकाळी दहाला येतील.
चहा बिनसाखरेचा, साखर बाजूला.
आणि खाली, जुन्या वाक्यावर काट मारून:
चमचे, दोनशे जादा.
जातील त्यांना जाऊ द्यावे.