खाचा

आजोबांनी चोकच्या काठावरून अंगठ्याचं नख फिरवलं
आणि म्हणाले, "एक."
मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाच्या जरा बाजूला, बघत राहिले.

या काठावर खाचा असतात, नखाला लागतील एवढ्याच.
एक खाच म्हणजे सगळ्यात आवळलेली नळी.
पाच म्हणजे मोकळी.
मला नेहमी उलटंच वाटायचं.

ब्रेशाच्या वरच्या खोऱ्यात, खिडकीपाशी,
एकेचाळीस वर्षं ओत्ताविओ झुबानी
बंदुकीच्या नळ्या उजेडाकडे धरून आत बघत बसले.
आत उजेडाच्या कड्या दिसतात, एकात एक.
एखादी कडी तिरकी दिसली की नळी परत.
"चोक म्हणजे काय, फार तर एक मिलिमीटर," ते म्हणतात,
"त्याच्यावर मी घर बांधलं, तुझ्या आईचे दात सरळ केले."

आता दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग आहे.
ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं जातं.
कडेचं मात्र दिसतं: कुंपण, कुत्रं, माझा सुटलेला बूट.

फौस्तोकडे नऊ चोकची पेटी आहे, आत मखमल.
प्रत्येक ठाण्यावर तो एक काढतो, दुसरा बसवतो,
किल्ली फिरवताना ओठ दुमडतो.
त्यानंच मला सांगितलं होतं:
कसबी माणूस एकच खाच लावतो.
म्हणून मी लावली.

वीस मीटरवरून आडवी जाणारी तबकडी.
गेली.
दुसरी गेली, तिसरी गेली, चौथीही
झुडपामागे अख्खी उतरली, बशी ठेवावी तशी.
पाचवी मात्र अशी फुटली
की नारिंगी धूरच उरला हवेत.
मी फुशारून मागे वळले.

"नेम बरोबर होता," आजोबा म्हणाले,
"पण त्या चार घरी पोचल्या.
त्यांना काय निरोप देणार आहेस?"

मग त्यांनी मला कागदाच्या फळीपाशी नेलं.
वीस मीटर मोजले, पावलांनी.
एक खाच: कागदाला टोपीएवढं भगदाड.
चार खाचा: नवा कागद, तीच मी, तोच खांदा.
बंदूक मोडून मी बाकावर ठेवली,
आणि ते कागदाजवळ गेले,
दोन्ही तळवे पसरून छिद्रं वाचू लागले.
सावकाश. कणीक मळून झाल्यावर
गोळा बघतात तसं, हलक्या हातानं.

"इथं दाट. इथं बरं. इथं..."
बोटं एका मोकळ्या जागी थांबली,
"इथून तबकडी निसटेल, तिरकी असली तर.
निसटू दे. तेवढं द्यावंच लागतं."

लांबच्या ठाण्यासाठी दोन खाचा,
जवळच्यासाठी चार,
आणि मन ठरत नसेल तर तीन,
लावायच्या आणि विसरून जायचं.
"पेटी असलेला माणूस," ते हळूच म्हणाले,
फौस्तोला ऐकू जाईल इतकं हळू,
"चुकला की पेटीत उत्तर शोधतो."

त्या दिवशी पंचवीसपैकी सोळा.
फौस्तोच्या एकवीस. हेही सांगायला हवं.
जेवताना तो आजोबांना म्हणाला, तुमचा सिद्धांत चांगला आहे,
आणि आजोबांनी चीजचा तुकडा
बशीच्या कडेनं शोधत शोधत उचलला.

नोव्हेंबरात मी तोरिनोला आले, नोकरीसाठी.
इथं गोळीबाराचं मैदान गावाबाहेर, दोन बसा बदलून.
अजून गेले नाही.

काल धुलाईयंत्र खडखडायला लागलं.
बंद केलं, हात घातला,
ओल्या पायमोज्यांखाली गार काहीतरी लागलं.
जॅकेटच्या खिशात राहिलेला असणार.
दिवा लावला नाही.
नख फिरवलं.

तीन.