दोन मिलिअँपिअर

तेवीस हजार व्होल्टच्या तारांवर
बावीस वर्षं काढलेला माझा नवरा
आज दोन मिलिअँपिअरना घाबरला.

मिरेयाबाईंनी स्पंज मिठाच्या पाण्यात बुडवला,
पिळला, पुन्हा बुडवला.
"कोरडा राहिला तर कातडी भाजते," म्हणाल्या.
एवारिस्तोने नुसती मान हलवली.
कोरडा जोड, सैल जोड, ठिणगी :
हे त्याला कुणी शिकवायला नको.

संमतीपत्र चार पानी.
खाज येईल. मुंग्या येतील. डोकं दुखेल कदाचित.
जागा लाल होईल, तासाभरात निवळेल.
क्वचित फोड.
आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी :
आकड्या वाढणार नाहीत असं आम्हाला वाटतं,
तरीही आम्ही मोजत राहू.

त्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं.
"वाटतं?"
डॉक्टर सान्हुएसांनी चष्मा पुसला. पोरसवदा वय.
"आम्ही ज्यांना दिलं, त्यांच्या वाढल्या नाहीत.
पण ती माणसं थोडी,
आणि त्यांच्यात तुम्ही नव्हता."
मला हे उत्तर आवडलं.
त्याला नाही.
सही मात्र त्याने केली, मी नाही.

आयुष्यभर झटका चुकवला,
तर झटका आतूनच आला.
खांबावर नाही, स्वयंपाकघरात,
किटली हातात असताना. नशीब म्हणायचं.
कंपनीने शिडी काढून घेतली,
गोदामात एक खुर्ची दिली.
तिथे तो चिनी मातीचे इन्सुलेटर मोजतो,
संध्याकाळी परत मोजतो.

पट्टा डोक्याला आवळताना त्याने विचारलं,
"प्लग कुठाय?"
"बॅटरीवर चालतं."
"भिंतीशी काही संबंध नाही?"
"काहीच नाही."
"मग परतीची वाट?"
मिरेयाबाईंनी खांद्यावरचा दुसरा स्पंज दाखवला.
तेव्हा कुठे तो खुर्चीत टेकला.
खाली, मासळीबाजारामागे,
समुद्रसिंह डोक्यांसाठी भांडत होते,
वीस मिनिटं, अखंड.

एक गोष्ट मी अजून सांगितली नाही.
निम्म्या लोकांना प्रवाह खरा मिळतो.
निम्म्यांना अर्धा मिनिट, मग बंद,
आणि यंत्र तसंच लुकलुकत राहतं.
कोण कुठल्या निम्म्यात, हे मिरेयाबाईंनाही ठाऊक नाही.
"मला फसवता येणार नाही," तो बसमध्ये म्हणाला,
"तार जिवंत आहे की मेलेली,
मी उभ्या उभ्या सांगतो."
पूल ओलांडून गेलो.
मग हळूच,
"नाही कळत गं, ओर्तेन्सिया."

वहीत मी लिहिते.
मार्च : नऊ.
एप्रिल : सहा, त्यातली एक झोपेत, धरायची की नाही?
मे अजून अर्धाच झालाय.
शेजारची रेमिख्या विचारते, गुण आला का?
मी म्हणते, वाईट तरी काही झालं नाही.
ती म्हणते, एवढंच?
हो. आमच्या घरात एवढंच पुष्कळ आहे.

रात्री तो घोरायला लागला
की केसांखालची ती लाल, चौकोनी जागा चाचपते.
तळहाताने नाही.
हाताच्या पालथ्या बाजूने,
लग्नाच्या वर्षी त्यानेच शिकवलं होतं तसं :
तार जिवंत निघाली तर मूठ आवळते,
आणि मग सोडू म्हटलं तरी सुटत नाही.

कोमट असते.
कुणाच्याही कपाळाइतकी.